फलकावर नसलेले नाव: एका माजी मंत्र्याच्या नातवाचे प्रकरण

शाळेच्या सूचनाफलकावर त्या सोमवारी चार मुलांची नावे लागली होती. आदल्या शुक्रवारी नववीच्या काही मुलांनी विज्ञान प्रयोगशाळेच्या दाराशी टांगलेले आग विझवण्याचे सिलिंडर खाली काढून त्याची पिन ओढली होती, आणि दोन सूक्ष्मदर्शक, परीक्षानळ्यांचे स्टँड व शिक्षिकेचे टेबल पांढऱ्या भुकटीने माखून गेले होते. पालकांना भेटीस बोलावणे, सिलिंडर पुन्हा भरून घेण्याचा खर्च वाटून घेणे, नोंदवहीत शेरा आणि पाच शनिवार शाळा सुटल्यावर प्रयोगशाळेची साफसफाई, अशी शिक्षा होती. मधल्या सुट्टीत नववीतलाच एक मुलगा माझ्या, म्हणजे शाळेच्या समुपदेशकाच्या, खोलीच्या दारात येऊन उभा राहिला आणि मी बस म्हणण्याआधीच म्हणाला, ‘‘टीचर, पिन मी ओढली. फलकावर माझे नाव नाही.’’

हा मुलगा गोव्यातील एका माजी मंत्र्याचा नातू. त्याचे आजोबा अनेक वर्षे आमदार होते, काही काळ मंत्री होते आणि सारा तालुका त्यांना भाई म्हणतो. मुलगा व त्याचे आईवडील यांच्या संमतीने हे प्रकरण मी लिहीत आहे. ओळख पटू नये म्हणून गावाचा व शाळेचा उल्लेख टाळला आहे आणि काही तपशील बदलले आहेत. प्रसिद्ध माणसाच्या घरातल्या मुलांविषयी बोलताना त्यांना सगळे आयते मिळते, एवढ्यावर आपण बहुधा थांबतो. आयते मिळण्याची किंमत मूल कशात मोजते, ते या मुलाने मला दाखवले, म्हणून हे सविस्तर लिहावेसे वाटले.

पुढे जाण्यापूर्वी माझी स्वतःची स्थिती सांगणे आवश्यक आहे. माझे माहेर भाईंच्याच जुन्या मतदारसंघातले. आमचे घर भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, जमिनीत होते आणि अशा जमिनीत घर करून राहणाऱ्या मुंडकारांना संरक्षण देणाऱ्या १९७५ च्या मुंडकार कायद्याखाली मामलेदार कचेरीत आमची नोंद व्हावी म्हणून ज्या तरुण कार्यकर्त्याने माझ्या वडिलांसोबत खेपा घातल्या, ते भाई. मुलाचे आडनाव ऐकताच मला हे आठवले आणि आपल्याला हे प्रकरण घेता येईल का, अशी शंका आली. दुसऱ्या समुपदेशकाकडे पाठवावे असा विचार केला. परंतु ज्यांच्याकडे पाठवणार त्यांचे यजमान ग्रामपंचायतीत भाईंच्या विरोधी पक्षाचे पंच, म्हणजे सदस्य, होते. गोव्यात असेच असते. शेवटी मी माझ्या ज्येष्ठ सहकाऱ्यांना हे ऋण सांगितले, दर पंधरवड्याला त्यांच्यासमोर माझ्या नोंदी ठेवायच्या असे ठरवले आणि मुलालाही पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगितले. तो क्षणभर माझ्याकडे पाहत राहिला आणि म्हणाला, ‘‘म्हणजे तुम्हीसुद्धा.’’ त्या दोन शब्दांतला थकवा मी विसरलेले नाही.

फलकावरून नाव वगळले कसे, याची चौकशी केली तेव्हा जे कळले ते मला या प्रकरणातले सर्वांत महत्त्वाचे वाटते. घरातून कोणीही फोन केला नव्हता. भाईंना तर घटनाच ठाऊक नव्हती. शाळेच्या नव्या इमारतीचा प्रस्ताव सरकारदरबारी होता, भाई सत्तेत नसले तरी त्यांचा शब्द अजून चालतो असा व्यवस्थापनाचा समज होता, आणि ‘त्या घराला कशाला दुखवायचे’ एवढ्या एका वाक्यावर कार्यालयात पाचवे नाव खोडले गेले. मागितलेली मेहेरबानी नाकारता तरी येते. न मागता केलेली मेहेरबानी कोणाकडे परत करायची? मुलाला हाच प्रश्न पडला होता आणि तो घेऊन जायला त्याला माझ्या खोलीखेरीज दुसरी जागा सापडली नव्हती.

दरम्यान त्या चौघांनी त्याच्याशी बोलणे टाकले होते. त्यांच्यापैकी एकाची आई गावात मासे विकते. शाळेत भेटीला यायचे म्हणून तिचा एक दिवसाचा धंदा बुडाला, आणि तो मुलगा ह्याला सगळ्यांसमोर म्हणाला, ‘‘तुझ्या आज्याच्या नावावर आम्ही भुकटी पुसायची.’’ माझ्याशी बोलताना मुलाने हे वाक्य तीनदा म्हटले, आणि तिन्ही वेळा शेवटी हेच जोडले की तो खोटे बोलला नाही.

पहिल्या दोन भेटींत मी चुकीच्या वाटेने गेले, हे नोंदवणे मला भाग आहे. राजकारणी घरातला मुलगा म्हणजे वारसाचा दबाव असणार, असे मी गृहीत धरले होते. गोव्यात असे गृहीत धरायला कारणेही आहेत. १९७३ च्या ऑगस्टमध्ये गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांचे निधन झाले आणि त्यांच्या कन्या शशिकलाताई काकोडकर मुख्यमंत्री झाल्या; माजी मुख्यमंत्री प्रतापसिंह राणे यांच्या घरात पुढे पुत्र आणि सून दोघेही विधानसभेत पोहोचले; मनोहर पर्रीकर यांच्या पुत्राने २०२२ मध्ये पणजीतून अपक्ष उभे राहून निवडणूक लढवली. एखादा नेता थकला की ‘आता घरातला कोण’ हा प्रश्न आपल्याकडे तिठ्यावरच्या चहाच्या गाड्यावरही विचारला जातो. म्हणून मी मुलाला विचारत राहिले: तुला राजकारणात यावेसे वाटते का, घरून कोणी सुचवते का, नकार देण्याची भीती वाटते का? तो सभ्यपणे नाही म्हणत राहिला. तिसऱ्या भेटीत तो म्हणाला, ‘‘टीचर, मला पुढे काय व्हायचे ते मी बघेन. आत्ता मी कसा आहे तेच मला कळत नाही.’’

तिथून खरे बोलणे सुरू झाले.

त्याचे म्हणणे त्याच्याच क्रमाने सांगते. पाचवीत वक्तृत्व स्पर्धेत त्याला पहिले बक्षीस मिळाले. बक्षीस द्यायला व्यासपीठावर आजोबाच होते आणि मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणाले, ‘‘मग, दुसऱ्या कोणाला मिळणार?’’ सहावीत आजोबा निवडणूक हरले, आणि त्यानंतर महिन्याभरात त्याला शाळेच्या व्हॉलीबॉल संघातून वगळण्यात आले. त्याचा खेळ खरोखर उतरला होता का? उतरला असेलही, तो स्वतःच सांगतो की त्या दिवसांत त्याचे लक्ष नव्हते. पण त्याला खात्री करून घेता येत नाही. वर्गात उत्तर चुकले आणि शिक्षिका हसून ‘असू दे’ म्हणाल्या, तर तो हसू तपासतो. दुकानदाराने चॉकलेटचे पैसे घेतले नाहीत तर त्याला लाज वाटते, आणि घेतले तर वाटते, हा विरोधी गटातला असेल. इतर मुलांना शाबासकी आणि रागावणे या दोन गोष्टींतून आपण कुठे आहोत ते हळूहळू उमगते. ह्याच्या तराजूत मात्र दर वेळी आधीच कोणाचे तरी वजन टाकलेले असते.

मतदारसंघ मोठा असता तर ही गोष्ट इतकी घट्ट बसली नसती. महाराष्ट्रात एका विधानसभा मतदारसंघात सरासरी तीन लाखांहून अधिक मतदार असतात. गोव्यात चाळीस जागा आणि २०२२ मध्ये सुमारे साडेअकरा लाख मतदार, म्हणजे सरासरी अठ्ठावीस-एकोणतीस हजार. त्या निवडणुकीत फोंड्याचा निकाल ७७ मतांनी लागला आणि सांत आंद्रेचा ७६ मतांनी. सत्याहत्तर मते म्हणजे एका वाड्यावरची पंधरा-वीस घरे. अशा ठिकाणी कोणाचे घर आपले आणि कोणाचे नाही हे उमेदवाराला तोंडपाठ असते आणि उमेदवाराच्या घरातले प्रत्येक माणूस, शाळकरी मुलासकट, प्रचारातच असते. ह्या मुलाला लहानपणापासून दोन गोष्टी शिकवल्या गेल्या: रस्त्यात भेटेल त्याला मान हलवून हसायचे, आणि कोणाशीही भांडायचे नाही. दुसरी शिकवण त्याला फार महाग पडली, असे माझे मत आहे. भांडण करून मग मिटवायला न शिकलेल्या मुलाला चार मित्रांनी बोलणे टाकल्यावर काय करावे ते सुचलेच नाही.

निकालाच्या दिवसाचे वर्णन त्याने चौथ्या भेटीत केले. घराला जुन्या पद्धतीचा सोपा आहे, पाच पायऱ्या चढून जायचे. सकाळपासून पायऱ्यांखाली चपलांचा खच पडलेला असे आणि तो व त्याची आतेबहीण लहानपणी त्या मोजायचा खेळ खेळत. निवडणुकीच्या काळात एकदा एकसष्ट जोड मोजल्याचे त्याला आठवते. मतमोजणीच्या दिवशी दुपारी दोन वाजता त्याने सवयीने पायऱ्यांकडे पाहिले तेव्हा सात जोड होते, त्यांतले पाच घरातल्यांचे. संध्याकाळी विजयी मिरवणूक घरासमोरून गेली आणि फाटकाशी फटाक्यांची माळ लावली गेली. माळ लावणाऱ्यांपैकी एकजण दर चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, त्यांच्याकडे माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळापानांची चौकट) बांधायला यायचा, आंब्याची पाने आणि नारळ घेऊन. आई मुलाच्या कानाशी म्हणाली, ‘‘हसून हात कर.’’ त्याने हात केला. त्या माणसानेही केला. पुढच्या चवथीला तो आला नाही, माटोळी वडिलांनी बांधली आणि त्याविषयी घरात कोणी एक शब्द काढला नाही.

ही गोष्ट सांगताना तो रडला नाही. रडला तो वेगळ्याच ठिकाणी, आजोबांच्या श्रवणयंत्राविषयी बोलताना. लोकांचे भाई म्हणजे मामलेदार कचेरीसमोर ठाण मांडणारे, पेडण्यापासून काणकोणपर्यंत सभा गाजवणारे. त्याच्या वाट्याला आलेले आबा म्हणजे रात्री श्रवणयंत्र काढून ठेवल्यावर काहीही न ऐकणारे, इन्सुलिनची सुई टोचताना नातवाला ‘बघ रे, हवा गेली का’ असे विचारणारे. माणूस एकच, पण आपल्या ओळखीच्या माणसाबद्दल बाहेर कोणी बोलतच नाही. जत्रेत एखादी म्हातारी त्याचा हात धरून कोकणीत म्हणते, ‘‘तूं भाईंलो नातू न्हय रे? तुज्या आज्याक लागून आमचें घर उरलें.’’ (तुझ्या आज्यामुळे आमचे घर राहिले.) त्या क्षणी त्याला अभिमान वाटतो, आणि पाठोपाठ हेही वाटते की हिला मी दिसतच नाही. पुत्राला निदान बापाचे उमेदीचे दिवस पाहायला मिळालेले असतात. नातवाला फक्त त्या दिवसांच्या गोष्टी आणि त्यांची उधारी मिळते.

उधारीचे एक रूप भाषेचे होते, आणि गोव्याबाहेरच्या वाचकाला ते समजावून सांगावे लागेल. ४ फेब्रुवारी १९८७ रोजी गोव्यात राजभाषा कायदा संमत झाला. देवनागरी कोकणी राजभाषा झाली आणि मराठीला शासकीय कामकाजात वापरासाठी स्थान मिळाले. त्याआधीच्या आंदोलनांनी घरे दुभंगली होती. भाई मराठीच्या बाजूने उभे होते आणि त्यांची त्या काळातली भाषणे अजून लोकांच्या लक्षात आहेत. घरात मात्र सगळे कोकणीच बोलतात. आरती, भजन आणि वर्तमानपत्र मराठीत, शाळेतले विषय इंग्रजीत, आणि ‘जेव’ म्हणून हाक कोकणीत, हे गोव्यातल्या हजारो घरांसारखेच. ह्या मुलाला कोकणी कविता पाठ म्हणायला मनापासून आवडे. तालुक्याच्या काव्यवाचन स्पर्धेसाठी त्याने आठवीत नाव दिले तेव्हा एका शिक्षकांनी वर्गातच विचारले, ‘‘आजोबांना विचारलेस का?’’ त्यांनी गमतीने विचारले असावे. मुलाने मधल्या सुट्टीत जाऊन नाव मागे घेतले. ज्या भांडणाच्या वेळी त्याचा जन्मही झाला नव्हता, त्यात आपण बाजू बदलली असा अर्थ काढला जाईल, हे आठवीतल्या मुलाला कळले. मला स्वतःला या प्रकरणातली ही गोष्ट सर्वांत जास्त लागली, कारण भुकटी पुसली जाते, पण मुलाने आपल्या आवडीवर स्वतःच मारलेली काट कोणाला दिसतही नाही.

मी काय केले, ते आता सांगते. शिक्षेचा प्रश्न आधी सोडवणे आवश्यक होते, कारण तो लांबला असता तर मुलाचा माझ्यावरचाही विश्वास उडाला असता. शिक्षा मागणाऱ्या मुलाबद्दल समुपदेशकाने सावध राहावे, असे आम्हाला शिकवतात. अपराधी भावनेतून मूल स्वतःला इजा करू पाहत नाही ना, हे तपासावे लागते. मी तपासले. त्याची झोप, जेवण, अभ्यास ठीक होते, स्वतःविषयी तिरस्कार नव्हता. त्याला त्रास नको होता, त्याला त्याचा वाटा हवा होता. पाच शनिवारांची साफसफाई ही अशी एकमेव गोष्ट होती जी त्याला आजोबांमुळे मिळाली, असे कोणी म्हणू शकले नसते.

मुख्याध्यापकांशी बोलणे सोपे गेले नाही. ते सज्जन आहेत, आणि नाव खोडणे चूक होते हे त्यांनी पाच मिनिटांत मान्य केले; पण आता नाव घातले तर ‘भाई हरले म्हणून शाळेने डूख धरला’ असे बोलले जाईल, ही त्यांची भीती खोटी नव्हती. मी मुलाच्या आईवडिलांना बोलावले. वडील बँकेत नोकरी करतात, राजकारणापासून ठरवून दूर राहिले आहेत, आणि आपला मुलगा हे सगळे घेऊन इतके दिवस वावरत होता हे ऐकून ते बराच वेळ बोललेच नाहीत. आईने विचारले, ‘‘आबांना सांगायचे का?’’ मुलाने स्वतःच सांगावे, असे ठरले.

भाई काय म्हणाले ते मला मुलाकडून आणि नंतर त्यांच्याकडूनही कळले. प्रथम ते म्हणाले की शाळेने जे ठरवले त्यात घरातल्यांनी पडू नये. हे त्यांचे आयुष्यभराचे तत्त्व होते आणि त्या तत्त्वामागेच सगळा घोटाळा लपला होता. मुलगा म्हणाला, ‘‘आबा, तुम्ही पडला नाही, तरी तुमचे नाव पडले.’’ दुसऱ्या दिवशी भाईंनी मला फोन करून विचारले की त्यांनी शाळेत यावे का. मी म्हटले, ‘‘भाई, तुम्ही आलात तर तीच बातमी होईल. तुम्ही न आलेलेच बरे.’’ एवढ्या मोठ्या माणसाला, आणि तेही माझ्या वडिलांच्या घरासाठी झटलेल्या माणसाला, असे सांगताना माझा आवाज कापला. ते म्हणाले, ‘‘बरोबर.’’ मग वडिलांच्या सहीचे चार ओळींचे पत्र गेले: आमचा मुलगा या घटनेत सामील होता, त्याने पिन ओढली, इतरांना दिलेली शिक्षा त्यालाही द्यावी, खर्चाचा पाचवा वाटा सोबत जोडला आहे. बुधवारी फलकावर पाच नावांचा नवा कागद लागला.

यानंतर सगळे सुरळीत झाले असे नाही. एका पालकाने ‘हेही नाटकच’ असे म्हटल्याचे माझ्या कानावर आले. चौघांपैकी दोघे पहिल्या शनिवारी त्याच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या शनिवारी, परीक्षानळ्या धुताना एक फुटली आणि कोणी फोडली यावरून त्याचे व मासेवाल्या बाईंच्या मुलाचे जोरदार भांडण झाले, इतके की प्रयोगशाळा सहायकाला मध्ये पडावे लागले. सहायक माझ्याकडे तक्रार घेऊन आला. मला त्या तक्रारीने फार बरे वाटले. पाचव्या शनिवारी ते दोघे एकाच सायकलवरून घरी गेले.

कोकणी कवितेचा प्रश्न मी उचलला नाही; दहावीच्या जूनमध्ये त्यानेच काढला. त्या वर्षी एका वाचनालयाच्या स्पर्धेत स्पर्धकांना नावाऐवजी क्रमांक दिले जाणार होते आणि परीक्षक बाहेरच्या तालुक्यातले होते. त्याने अर्ज भरला आणि त्या रात्री जेवताना आजोबांना सांगितले. भाईंचे उत्तर मी त्यांच्याच तोंडून नंतर ऐकले: आमचे भांडण मराठीच्या राजभाषेच्या दर्जासाठी होते, घरातल्या बोलीशी कधीच नव्हते, आणि असते तरी ते माझे होते. स्पर्धेत मुलाला क्रमांक मिळाला नाही. परीक्षकांच्या अभिप्रायाची चिठ्ठी त्याने मला आणून दाखवली. तिच्यावर लिहिले होते, ‘स्पर्धक क्र. १४. उच्चार स्पष्ट. शेवटचे कडवे घाईत म्हटले.’ त्याने ती चिठ्ठी घडी करून कंपासपेटीत ठेवली होती आणि म्हणाला, ‘‘टीचर, खरेच घाई झाली.’’

एकंदर अकरा भेटी झाल्या; त्यांतल्या शेवटच्या तीन भेटी महिन्याला एक अशा. दुकानदाराचे हसू तो अजून तपासतो, आणि निवडणुका जवळ आल्या की घरात येणारे ताण त्याला जाणवतात. हे पूर्ण जाईल असे मी त्याला कधी सांगितले नाही. दहावीनंतर त्याने मडगावच्या एका उच्च माध्यमिक विद्यालयात प्रवेश घेतला. पहिल्या दिवशी हजेरी घेताना अध्यापकांनी त्याचे आडनाव वाचले, मान वर केली आणि विचारले, ‘‘भाईंचा कोण?’’ त्याने मला फोनवर सांगितले की तो उभा राहिला, ‘‘नातू, सर. हजर,’’ म्हणाला आणि खाली बसला. पुढचे नाव वाचले गेले.